बारा पेशंट, दीड मिनिट

बावीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात पाय झिजवल्यावर ताईंना हे नवं काम मिळालं होतं. हॉस्पिटलची कॉम्प्युटर यंत्रणा कितपत मुरली आहे ते तपासायचं आणि तिला शून्य ते सातमधली एक पायरी द्यायची.

"म्हणजे लोकांच्या घरी जाऊन खुसपटं काढायची आणि वर त्यांचाच चहा प्यायचा," सासूबाई म्हणत.

"चहा नाही घेत मी तिथे," ताई म्हणत. ते खरंच होतं.

या हॉस्पिटलला सहावी पायरी हवी होती. संचालकांनी मोठ्या पडद्यावर आकडे दाखवले. औषध देण्याआधी ओळख पटवायला पेशंटच्या मनगटावरची बारकोडची पट्टी स्कॅन होते, शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा. ताईंनी मान डोलावली आणि फक्त एका वॉर्डाची आज सकाळी आठची नोंद मागितली. बारा पेशंट, दीड मिनिट.

"तुमच्या सिस्टर चालतात की उडतात हो?" असं विचारून ताई तडक त्या वॉर्डात गेल्या.

तिथल्या हेड सिस्टरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ताईंना बघताच त्यांनी टेबलाचा खण कमरेनेच ढकलून बंद केला. ताईंनी तो उघडला. आत एक कागद होता. बाराही पट्ट्यांच्या नकला त्यावर ओळीने चिकटवलेल्या. रोज स्कॅन होत होता तो हा कागद.

"बाई, पाया पडते, पाहिलाच नाही म्हणा. नोकरी जाईल माझी."

"ते नाही जमायचं. पण असं का केलंत, ते सांगा."

"सातव्या खाटेपुढे वायफाय पोचत नाही. पडद्यावर चक्र फिरत बसतं आणि पेशंट कण्हत असतो. त्याला काय सांगू, कळ काढ रे बाबा?"

ताईंनी स्कॅनर उचलला, बाराव्या खाटेवरच्या आजोबांच्या मनगटावर धरला. चक्र फिरू लागलं, फिरतच राहिलं. शेवटी आजोबाच कंटाळले. "हात खाली घेऊ का?"

संचालक मागोमाग आले होते. "या बाईंना आजच घरी पाठवतो!"

"खुशाल पाठवा. नव्या येतील त्या कागद असा लपवतील, की मलाही सापडायचा नाही. पायरी चौथी देतेय. कारण म्हणून वायफाय लिहितेय, सिस्टर नाही. यांना हात लावलात तर तेही अहवालात जाईल."

संचालकांनी तिथूनच वायफायवाल्याला फोन लावला.

हेड सिस्टरांनी पदराने कपाळ पुसलं. मग हळूच म्हणाल्या, "आलाच आहात तर मुलांच्या वॉर्डातही डोकावून जा. तिकडे असे दोन कागद आहेत."