नववी खिडकी

थॉर्नकोटच्या हवेलीला समोरून वरच्या मजल्यावर नऊ खिडक्या दिसतात. आठ खऱ्या आहेत. नववीच्या मागे हेस्टर पिंकनी राहते.

तिथे एके काळी खरी खिडकी होती, जराशी तिरकी. मग एका मालकाला आपल्या वाकड्यातिकड्या घराची लाज वाटू लागली. त्याने पुढे नवी दगडी भिंत चढवली. डावं-उजवं तंतोतंत सारखं. तिरकी खिडकी बुजवली आणि तिच्यावर सरळ खिडकीचं चित्र काढलं: वर-खाली सरकणाऱ्या दोन चौकटी, काळी तावदानं, पांढऱ्या पट्ट्या, अर्धा ओढलेला पडदा. मागे नोकरांची खोली होती, आणि नोकरांना बाहेरचं काही बघायचं नसतं असं त्याचं मत होतं. पुढे त्याच्या नातवाने पिछाडीला मनोरा बांधला. तेव्हापासून त्या खोलीची उरलेली मागची खिडकी मनोऱ्याच्या अंधाऱ्या जिन्यात उघडते.

हेस्टर सोळाव्या वर्षी मोलकरीण म्हणून आली आणि घराची कारभारीण होऊन थकली. घर विकलं गेलं, जुन्या वास्तू जपणाऱ्या समितीकडे आलं. तिला खोली मरेपर्यंत मिळाली. दिवसभर खाली राबताना उजेडाची आठवण झाली नव्हती. आता गुडघे गेले. यापुढे जिना चढ-उतर नको, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा तिने समितीला विचारलं, ती खिडकी उघडून द्याल का?

समितीचे अध्यक्ष मिस्टर लायल यांनी तिला चहा दिला, कोरडा केक दिला.

"खिडकी खोटी आहे, मान्य. पण अडीचशे वर्षं खोटी आहे, मिस पिंकनी. आता ती अस्सलच म्हणायची."

"त्याआधी खरी होती ना?"

"होती. पण बुजवली, हाही इतिहासच."

"मला इथे पन्नास वर्षं होऊन गेली. मी कधी अस्सल होणार?"

सगळे सभ्यपणे हसले. "मग तळमजल्यावर एखादी खोली?" तिने विचारलं. तळमजला पर्यटकांचा होता.

तिच्या मागणीचा परिणाम एवढाच झाला, की समितीने बऱ्याच वर्षांनी त्या खिडकीकडे पाहिलं आणि रंग उडालाय हे सदस्यांच्या लक्षात आलं. गावातल्या लेन गॅम्बल रंगाऱ्याला बोलावणं गेलं. तो आणि हेस्टर एकाच शाळेत होते.

तो शिडीवर चढला तेव्हा ती खाली खडीवर येऊन उभी राहिली, काठीला रेलून.

"काय गं, उतरलीस कशाला? गुडघे भाड्याने आणलेस का?"

"तुझ्यावर लक्ष ठेवायला. तुझ्या बापाने मागच्या खेपेला पडदा वाकडा काढला होता."

"पडदा सरळच होता. बाप वाकडा होता, दुपारीच पिऊन आलेला."

ती जरा वेळ वर बघत राहिली. "लेन, खालची चौकट थोडी वर सरकवलेली काढ."

"उघडी?"

"चार बोटं."

"समितीने पाहिलं तर?"

"समिती दाराकडे बघत येते आणि दाराकडे बघत जाते. तू काढ."

लेनने काढली. वर सरकवलेल्या चौकटीखाली चार बोटं काळोख. चांगली जमली.

"वारा लागेल हं आता," तो वरून म्हणाला.

"लागू दे."

मग ती जिना चढली, दर वळणावर टेकत. खोलीत पोचल्यावर तिने भर दुपारी दिवा लावला आणि मोजे रफू करायला घेतले. बाहेर त्या दिवशी छान ऊन होतं, असं लेन सांगतो.