आईनं मॉरिशसला नेलेला ऊस
ताज्या सोललेल्या उसाचा वास आला की आई मॉरिशसला निघाली ती सकाळ आठवते. ताई लग्न होऊन तिकडं गेलेली, आणि आई पहिल्यांदाच तिच्याकडं चालली होती. ओसरीवर बॅग उघडून मी बजावत होतो, सुती कपडे घे, छत्री वर ठेव, परतीचं तिकीट हाताशी असू दे. साड्या उचलल्या तर खाली आमच्या रानातल्या उसाची कांडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. "आई, तिथं ऊस न्यायला बंदी आहे. विमानतळावर काढून घेतील." "लेकीकडं रिकाम्या हातानं जाऊ व्हय? रानातलं कायतरी न्यायचंच." मी कांडी बाहेर काढली, पाठ वळताच तिनं परत भरली. पुन्हा काढली तेव्हा गाडी दारात आली होती. आई माझ्याकडं रोखून बघत पायरीवर बसली आणि दातांनी ऊस सोलायला लागली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तरी ती हलली नाही. शेवटचा चोथा थुंकून, पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आता घ्या म्हणावं काढून!" आज मी ताईकडं निघालोय. सुती कपडे, छत्री, तिकीट, सगळं घेतलंय. गाडी दारात उभी आहे, आणि मी पायरीवर बसून ऊस सोलतोय.