मामेसासऱ्यांची उन्हातली खुर्ची

ज्याच्या अंगात कशाची ना कशाची कमतरता नाही असा माणूस माझ्या मामेसासऱ्यांना सानपाड्यात अजून भेटलेला नाही. सानपाड्याबाहेर भेटेल अशीही त्यांना आशा नाही. माणसं भेटली की एकमेकांना 'कसं काय' विचारतात, आमचे मामा आधी नखं बघतात. नखावर पांढरा ठिपका दिसला तर जस्त, ओठाचा कोपरा फाटलेला असला तर ब जीवनसत्त्व, आणि काहीच सापडलं नाही तर खालची पापणी ओढून लोह. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला वाकलो, तेव्हा आशीर्वाद राहिला बाजूला, त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली आणि म्हणाले, "जावयबापू, जीभ दाखवा बगू." भरल्या घरात मी जीभ दाखवली. तिच्यावरून त्यांनी माझ्या साताऱ्याकडच्या बालपणात मासळी नव्हती हे जाहीर केलं, आणि सगळं सासर माझ्याकडे बघून हळहळलं. पुढे त्यांच्या पुतण्याच्या हळदीला तर लोक नवरदेवाच्या गालाला हळद लावत होते आणि मामा त्याची पापणी ओढून आत डोकावत होते. तो फोटो अल्बममध्ये आहे. त्यात नवरदेव रडतोय असं वाटतं.

मामा मूळचे इथलेच. लहानपण मिठागरात आणि शेतात गेलं, मग शेतांवर इमारती आल्या आणि मामा एका कारखान्यात चिकटले. निवृत्तीनंतर पोटऱ्यांत गोळे यायला लागले म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व कमी. मिठागरात भाजून निघालेल्या माणसाला ऊन कमी पडावं, हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. त्या दिवसापासून ते या विषयात शिरले ते आजतागायत बाहेर आलेले नाहीत. गोळ्यांवर मात्र त्यांचा विश्वास नाही. "गोली दुकानदाराची, ताट आपलं," हे त्यांचं ब्रीद. पालेभाजीवर लिंबू पिळल्याशिवाय ते कुणाला घास घेऊ देत नाहीत, कारण लोह आणि लिंबू हे त्यांच्या मते नवराबायको आहेत आणि जेवणावर लगेच चहा घेतला की तो त्या दोघांच्या मध्ये येऊन बसतो. गाजर तेलातुपाशिवाय खाणाऱ्याची ते कीव करतात. मांदेली तळली की काट्यासकट चावायची. मी पहिल्यांदा काटे ताटाच्या कडेला काढून ठेवले, तर त्यांनी ते उचलून परत माझ्या भातावर ठेवले आणि कॅल्शियम टाकून देणाऱ्या घरात आपली भाची दिल्याबद्दल स्वतःलाच दोष दिला.

वाशीच्या घाऊक बाजारात ते पाव किलो लिंबं आणायला जातात आणि गोणीभर आवळे घेऊन येतात. गावठाणात त्यांची स्वतःची तीन मजली इमारत आहे. मग जिन्यातून आवळ्यांचं वाटप सुरू होतं. भाडेकरूनं भाडं उशिरा दिलेलं मामांना चालतं, पण आवळा परत केलेला चालत नाही. पहिल्या मजल्यावरचा भाडेकरू तर आता मामा जिना चढताना दिसले की नमस्काराऐवजी दोन्ही हात पालथे करून नखंच पुढे धरतो.

पण मामांचं खरं राज्य रविवारी दुपारी. त्या दिवशी आम्ही सगळे जेवायला तिकडे. पहिल्या पंगतीला मामा, मी, त्यांचा मुलगा, नातवंडं. वाढायला मामी. मामी वाढायच्या, पण कुणाच्या ताटात काय पडायचं ते मामा ठरवायचे. "गाबोली पोराला घाल, त्याला चश्मा लागलाय. कलेजी जावयाला. शेपटीकरचा तुकरा मना दे." मामी हसत हसत हुकूम पाळायच्या. मासळीच्या अंड्यांची ती गाबोळी नातवाच्या ताटात कधी चुकली नाही. हात धुतले की मामा प्लास्टिकची खुर्ची उचलून थेट गच्चीवर. दीड वाजला की शेजारच्या टॉवरची सावली गच्चीवर येते, त्याआधी ऊन गाठायचं असायचं. कुणी म्हणालं की मामा, खालीच खिडकीपाशी बसा की, तर ते त्याला अडाणी ठरवत. काचेतून येतो तो उजेड, ड येत नाही, हे त्यांनी आम्हाला इतकं ऐकवलंय की माझी धाकटी मुलगी झोपेतही म्हणेल.

मामा वर गेले की मामी जेवायला बसायच्या. वर्षानुवर्षं असंच चाललेलं, त्यामुळे त्यात बघण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नाही.

गेल्या वर्षी मामींच्या पायातली चप्पल वाटेत निसटून राहायला लागली आणि त्यांना ते कळायचंही नाही. एका पायात चप्पल घालून त्या देवळापर्यंत गेल्या, तेव्हा आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या. मग पायांना मुंग्या, मग जिन्यात तोल जायला लागला. मामांनी मॅग्नेशियमचं निदान केलं आणि केळी, भोपळ्याच्या बिया सुरू केल्या. मामींनी त्याही नातवंडांना वाटल्या असणार. एक दिवस त्या जिन्यात पडल्या, तेव्हा मी आणि मामा त्यांना वाशीला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ब-बारा तळाला गेलेलं, रक्तही कमी. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर पाय कायमचे गेले असते, भरून येईल पण सगळं येईलच असं नाही. मामा चिडले. ज्या घरात रोज मासळी शिजते तिथे ब-बारा कमी कसं, मशीन बिघडलं असेल, असं ते डॉक्टरांना ऐकवू लागले. डॉक्टरांनी त्यांना थांबवलं आणि मामींना विचारलं, काल काय जेवलात?

मामींनी आधी मामांकडे पाहिलं, मग पदराकडे. "कालवनातला रस्सा उरलेला. त्योच भातावर घेतला."

"आणि मासा?"

"मासा सगल्यांना पुरला पायजे ना," मामी म्हणाल्या, आणि वर चहा घेतला की पोट भरतं, असंही सांगितलं.

परतताना आम्ही रिक्षा केली. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याच्या ओठाचा कोपरा चांगला फाटलेला होता. मी मुद्दाम दाखवला. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला तेव्हा त्यांचं फार वाईट वाटलं. दुनियेच्या जिभा बघितलेल्या माणसानं घरातलं एक ताट बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी पंगत बसली आणि मामा बसले नाहीत. भूक नाही म्हणाले. मामी रागावल्या, जावई बसलेत, बरं दिसत नाही. मामा ओट्याशी उभे राहिले. आम्ही उठल्यावर त्यांनी स्वतः दोन ताटं घेतली आणि एका वाटीखाली झाकून ठेवलेली गाबोळी मामींच्या ताटात ठेवली. चाळीसएक वर्षांच्या संसारात नवऱ्यासमोर जेवायची सवय नव्हती, मामी लाजून भिंतीकडे वळल्या आणि सवयीनं गाबोळीचे दोन भाग करायला गेल्या. "तोरू नको," मामा म्हणाले, "आखी खा."

इंजेक्शनं झाली, मामींच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. उजव्या पायाचा अंगठा मात्र अजून बधिर आहे. मामांची प्लास्टिकची खुर्ची आता स्वयंपाकघरात, खिडकीच्या बंद काचेशी असते. ते मामींबरोबर जेवतात, त्यांच्या आधी उरकतात आणि मग त्या उन्हाच्या तुकड्यात बसून त्यांच्या ताटाकडे बघत राहतात. मामी सावकाश जेवतात. त्यांचं होईपर्यंत वर टॉवरची सावली आलेली असते. परवा मामांच्या पोटऱ्यांत पुन्हा गोळे आले. तपासलं, तर ड कमी. आश्चर्य म्हणजे ही कमतरता त्यांनी कुणालाच सांगितली नाही, मला त्यांच्या मुलाकडून कळली. मी चिडवायच्या सुरात म्हटलं, "मामा, काचेतून ड येत नाही ना? वर जाऊन बसा की."

त्यांनी मामींच्या ताटावरची नजर काढली नाही.

"वरून हिचं ताट दिसत नाय," ते म्हणाले.