गॅसवरचं पितरांना पोचत नाही

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड, ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही इथे बंगळूरला, मल्लेश्वरममध्ये राहत नाही आणि आमच्याकडे जेवायला येणार नाही.

आधी मला कशाचा वैताग येतो ते ऐका. हल्ली जो उठतो तो 'चुलीवरचं जेवण' म्हणत जिभल्या चाटतो. सर्जापूर रोडला राहणारा माझा भाचा दोन तास ट्रॅफिकला शिव्या घालत चुलीवरची भाकरी खायला जातो, वर फोटो पाठवतो. भाकरीचे फोटो! चुलीपुढे कोण बसलंय, त्याचा फोटो कधी आलाय? मी चिडतो, फोन आपटतो. पण नेमका कुणावर चिडतो — थांबा, येतो तिथे.

आमच्या परसात अंघोळीच्या हंड्याची जुनी चूल आहे. गीझर आला तरी ती पाडली नाही, कारण वडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक तिच्यावर व्हायचा. तो करायला पद्माक्का यायच्या. आमच्यासारख्याच, इथल्या जुन्या मराठी घरातल्या. नवरा लवकर गेला, लोकांकडे सोवळ्याचा स्वयंपाक करून एकुलता मुलगा वाढवला. त्यांचं मिरी-जिऱ्याचं सारू, म्हणजे तुमच्याकडचं सार — काय सांगू? त्याला लाकडाच्या धुराचा एक बारीक वास असायचा. श्राद्ध वडिलांचं, पण मी वर्षभर वाट बघायचो ती त्या सारूची. लाज वाटते, पण खरं आहे.

एका वर्षी पद्माक्का खोकतच आल्या. त्यात लाकडं ओली. फुंकून फुंकून त्यांचे डोळे लाल झाले होते. मला हाक मारून म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प भटजींना विचारा की. पुढच्या सालापासनं गॅसवर केलं तर चालतंय काय? डॉक्टर धूर नको म्हणालाय."

मी विचारलं हो! तेच तर. न विचारता थाप मारली असती तर निदान आळशी ठरलो असतो. भटजी पुढच्या खोलीत दर्भ मांडत होते, ते हसले. अग्नी तो अग्नी, म्हणाले. आमच्या घरीही गॅसवरच होतं, सोवळं पाळा म्हणजे झालं.

मी परसात परत आलो. पद्माक्का पदराने डोळे टिपत माझ्याकडे बघत होत्या. आणि मी सांगितलं — भटजी नको म्हणतात. गॅसवरचं पितरांना पोचत नाही.

का? सारूसाठी. दुसरं एखादं बरं कारण मी इतकी वर्षं शोधतोय, सापडत नाही.

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या त्या, आणि पुन्हा फुंकणी उचलली.

वर्षातला एक दिवस तर धूर, अशी मी मनाची समजूत घातली. मूर्ख माणूस! देवाधर्माचं ऐकणारी बाई ते एका दिवसापुरतं ऐकते का? दोन वर्षांनी पद्माक्कांच्या नातवाच्या बारशाला त्यांच्या घरी गेलो, तर मोरीशेजारी नवी चूल. बाजूला वखारीतल्या ढलप्या रचलेल्या. मुलाने घेऊन दिलेली गॅसची शेगडी फडक्याखाली झाकलेली. सून माझ्याजवळ सासूबद्दल कुरकुरत होती, अत्ते ऐकतच नाहीत. पितरांना पोचत नाही ते देवाला कसं पोचेल, म्हणतात. घरात रोज नैवेद्य, म्हणून रोजचा सगळा स्वयंपाक चुलीवर. भटजींचा शब्द आहे म्हणे.

भटजींचा शब्द! मी पेढा तोंडात धरून उभा. अक्का, मी खोटं बोललो — एवढंच म्हणायचं होतं. त्या रागावल्या नसत्या, शेगडीवरचं फडकं काढलं असतं, बस्स. मी पेढा गिळला आणि बाळाचं नाव छान आहे म्हणालो.

पुढे भटजी वारले. आता खरं काय ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. बातमी ऐकली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हो, तसंच वाटलं.

यंदा पद्माक्का आल्या नाहीत. चार पावलं चालल्या तरी धाप लागते, घरी वाफेचं मशीन आणलंय. त्यांनी सुनेला पाठवलं. तिच्या हातात लाकडांची मोळी होती. आमच्याकडची ओली निघतात म्हणून अत्तेंनी मुद्दाम सुकी दिली होती, आणि निरोप धाडला होता — अण्णांच्या वडिलांना नीट पोचू दे.

ती चुलीपुढे बसली. तासाभराने तिचा खोकला पुढच्या खोलीपर्यंत ऐकू यायला लागला. मी हातात दर्भ घेऊन बसलो होतो, उठलो नाही.

सारू अगदी तसंच झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.