दोन वर्षं उलटा नंबर

माझ्या काकांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दाराला लागूनच घर. मी कॉलेजसाठी म्हणून तीन वर्षांकरता त्यांच्याकडे आले, मग नोकरीही त्याच गावात लागली आणि राहूनच गेले. दुपारी एक ते चार दुकान बंद असायचं. शटर अर्धं खाली ओढलं की खालच्या फटीतून ऊन आत यायचं, काउंटरवरच्या काचांवर पडायचं आणि छताला फिकट रंगांचे ठिपके चिकटायचे. रस्त्यावरून कुणी सायकलवर गेलं की सगळे ठिपके एका बाजूला सरकायचे आणि पुन्हा जागेवर यायचे. मी आरामखुर्चीत पडून ते बघत राहायची. त्या वेळी काका मँडोलिन वाजवायचे.

वाजवायचे म्हणजे मोठे वादक वगैरे अजिबात नव्हते. पाच-सहा धुना यायच्या, त्याच फिरवून फिरवून वाजवायचे. खरी हौस होती ती नखीची. नखी म्हणजे तारा छेडायची ती बोटाच्या पेराएवढी तिकोनी चकती. बाजारात मिळते, पण विकतच्या नखीला काका नाक मुरडायचे. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या चष्म्यांच्या दांड्या ते जपून ठेवायचे. बारीक करवतीने नखी कापायची, कानशीने कड घासायची, मग काचा चमकवायच्या चाकावर धरून गुळगुळीत करायची. नंबर तपासायच्या भिंगांची एक जुनी लाकडी पेटी होती. तिच्या खाचांत भिंगांच्या जागी नख्या उभ्या असायच्या. सगळ्यांत जाड एक नंबरची, मग दोन नंबरची, असं करत सगळ्यांत पातळ आठपर्यंत.

आणि नंबर द्यायची पद्धतही दुकानातलीच. काकू समोरच्या स्टुलावर बसायची. काका एका नखीने दोन ओळी वाजवायचे, मग दुसरीने.

"ही बरी की ती बरी?"

"दुसरी."

"आता ही, की आधीची?"

"हीच हो. किती गोड!"

काका खूश होऊन त्याहून पातळ, त्याहून टोकदार नखी घासायला घ्यायचे. त्यांचं साधं गणित होतं: कड जितकी धारदार, तितका सूर स्पष्ट. चष्मेवाला माणूस, त्याला सगळं जग रेखीव करायचं होतं.

आता खरं काय ते सांगते. काकूला ऐकू येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. बोललेलं कळायचं, कारण काकांचा आवाज घोगरा आणि चाळीस वर्षांच्या सवयीचा. उरलेलं ती ओठांवरून ओळखायची. पण किटलीची शिट्टी, दारावरची घंटा, मँडोलिन, हे सगळं हळूहळू विझत गेलं होतं. मीच तिला गुपचूप कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज मागे राहतात. कानात यंत्र लावा म्हणाले. काकू बाहेर आली आणि तिने माझा हात घट्ट धरला.

"त्यांना सांगायचं नाही. यंत्रही नको, लगेच कळेल. ते माझ्यासाठी वाजवतात गं. मला ऐकू येत नाही हे कळलं, तर ते मँडोलिनची पेटी बंद करतील आणि पुन्हा कधी उघडणार नाहीत."

मला राग आला होता. एवढ्याशा गोष्टीचं एवढं अवडंबर, असं तोंडावर म्हणालेही. पण काकूचा चेहरा पाहिला आणि हो म्हणून बसले. मग आमची खूण ठरली. धून संपली की मी चहाचा कप बशीत ठेवायचा. तो दिसला की काकू म्हणणार, "वा!" दोन वर्षं हे नाटक बिनबोभाट चाललं. इतकी सवय झाली की मला त्यात खोटं काही वाटेनासंच झालं.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नाही. पूर्वी, कान धड होते तेव्हा, काकू मुळीच वा वगैरे म्हणत नसे. ती आतून ओरडायची, "अहो, तार उतरलीय!" काका कुरकुरत चावी पिळायचे. त्यांचा स्वतःचा कान यथातथाच, सूर लावायचा तो काकूच्या कानाने. मँडोलिनच्या तारा जोडीजोडीने असतात, जोडीतली एक जरी ढिली झाली तरी काकूला जेवण जात नसे. ते ओरडणं बंद झालं आणि कौतुक सुरू झालं, तर काकांना वाटलं, आपला हात सुधारला. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. डॉक्टरांकडे जाण्याआधीच ते बंद झालं होतं, तेव्हा मला वाटलं, वय झालं, काकू निवळली.

ती दुपार चांगली आठवते. काकांनी नऊ नंबरची नखी केली होती, उन्हाकडे धरली तर पलीकडचं दिसेल इतकी पातळ. मी डोळे अर्धवट मिटून छतावरचे ठिपके बघत होते. काकांनी पहिला फटका मारायला हात खाली आणला आणि नखी बोटांतून सुटून मँडोलिनच्या भोकात पडली. हात मात्र सवयीने तारांच्या वर हलतच राहिला, न टेकता, दोनतीनदा. मला पेंगेत वाटलं, शांत झालं, म्हणजे धून संपली. मी कप बशीत ठेवला.

"वा!" काकू म्हणाली. "सगळ्यांत छान हीच."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या कपाकडे. मग मँडोलिन उलटी करून हलवायला लागले, आत नखी खुळखुळत होती. ती बाहेर पडली तेव्हा त्यांनी ती खिशात टाकली, मँडोलिन पेटीत ठेवली आणि वेळेआधीच शटर वर केलं. काकू पांढरीफटक पडली. तिला ज्याची भीती होती तेच झालं होतं, आणि झालं होतं माझ्या कपामुळे.

चार दिवस पेटी उघडली नाही. ऊन यायचं, ठिपके सरकायचे, दुकानात माशी हलल्याचंही ऐकू यायचं. आम्हाला, म्हणजे मला आणि काकांना. काकू स्टुलावर येऊन बसायची आणि थोड्या वेळाने उठून आत जायची.

पाचव्या दिवशी काकांनी मला काउंटरपाशी बोलावलं. आदल्या रात्री काकूने त्यांना सगळं सांगितलं होतं. "डॉक्टर नक्की काय म्हणाले? शब्द न् शब्द सांग."

मी सांगितलं. बारीक आवाज आधी जातात, जाड मागे राहतात.

काकांनी हातातली काच पुसून खाली ठेवली. "नखी पातळ, तितका आवाज बारीक. म्हणजे दोन वर्षं मी तिला उलटा नंबर देत होतो," ते म्हणाले. "आणि तू मुकाट्याने बघत होतीस." मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी काकूला स्टुलावर न बसवता तपासणीच्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले, तिला ओठ दिसावेत म्हणून.

"हे बघ, इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, अंदाजाने सांगू नका. दिसत नाही म्हणायला लाज कसली? आता डोळे मीट. ऐकू आलं तर बोट वर कर. नाही आलं तर नाही."

"आणि नाहीच आलं तर?" काकूने विचारलं.

"तर बघू. मीट डोळे."

तिने एक तळहात डोळ्यांवर घट्ट दाबला, दुसरा हात मांडीवर ठेवला. काकांनी आठ नंबरची घेतली. बोट हललं नाही. सात. सहा. बोट मांडीवर तसंच पडलेलं. माझ्याने बघवेना. पाच, चार, तीन. दोन नंबरला बोट किंचित उचललं गेलं आणि पुन्हा खाली गेलं. तिने अंदाज करायचं टाळलं, हे मला दिसलं.

मग काकांनी खिशातून एक नवीच नखी काढली. जाड, तपकिरी, कोपरे बटणासारखे गोल. काकूच्या पहिल्या, कपाटात जपून ठेवलेल्या चष्म्याची दांडी मी लगेच ओळखली. तो चष्मा त्यांनीच तिला दिला होता, लग्नाआधी, या दुकानात. असली नखी ते एरवी बोथट म्हणून फेकून देत.

त्यांनी सगळ्यांत जाड तारेवरून ती सावकाश खाली ओढली. मँडोलिनमधून असा आवाज निघाला, जसं कुणी दाराआड बोलतंय. बोट वर गेलं. काकांनी पुढची जोडी छेडली. बोट वरच होतं.

काकूच्या कपाळावर एक आठी उमटली. मला वाटलं, संपलं, आता नाही येत.

"अहो," डोळे न उघडताच ती म्हणाली, "तार उतरलीय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि बाहीने डोळे पुसले. सवयीने चावीकडे हात नेला, पण पिळली नाही. तीच तार पुन्हा वाजवली.

"उतरलीयच," काकू म्हणाली. "किती दिवस झाले, काही लक्ष आहे का?"