बाबांची झाडं

गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसल्या, म्हणून टेलिफोनबाई. निवृत्त झाल्या तरी ते नाव चिकटलेलंच राहिलं. नवरा शाळेत हेडमास्तर, त्यामुळे सगळ्यांचे 'सर'. घरात बोलायचं सरांनी आणि ऐकायचं बाईंनी, ही वाटणी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच होऊन गेली होती.

घरामागच्या टीचभर जागेत सरांनी चार झाडं लावली होती. दोन पेरू, एक अंजीर, एक लिंबू. लावली म्हणजे रोपं त्यांनी निवडली. खड्डे बाईंनी खणले. त्यानंतर वीस वर्षं सरांनी झाडांच्या पानालाही कात्री लागू दिली नाही. "झाडाला आपलं आपण कळतं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. झाडांना काही कळलं नाही. पेरू गच्चीच्या वर गेले, फांद्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या, अंजिरानं लिंबाचं ऊन खाल्लं. फळं धरायची ती पार शेंड्याला. पाखरं खायची ती खायची, बाकीची खाली पडून सडायची. झाडून काढायला बाई होत्याच. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे.

"एखादी फांदी काढू या का हो?" बाईंनी एकदा विचारलं. "भाजी चिरताना बोट दिसत नाही."

सरांनी पेपरातून मान वर केली नाही. "तुला झाडांतलं काय कळतं?"

मग एका सकाळी दाढी करताना सर कोसळले. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर डॉक्टर म्हणाले, यांना जरा हिरवं दिसेल असं ठेवा. बाईंनी पलंग मागच्या खिडकीशी लावला.

दोन महिन्यांनी त्या नर्सरीत गेल्या आणि एक करवत आणि एक सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन आल्या. नर्सरीवाला भला माणूस. त्यानं स्वतः येऊन झाडं पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"बाई, हे झाड नाही, गुंता आहे. आधी वाळकं काढा, मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. मध्यभाग मोकळा करा, ऊन खोडापर्यंत पोचलं पाहिजे. जाड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून. नाहीतर पडताना साल ओरबाडून नेते. आणि घाई नको. वर्षाला तिसरा हिस्सा, बस्स. एकदम बोडकं केलंत तर झाड चिडून नुसत्या उभ्या, बिनफळाच्या काठ्या फेकेल."

सुरुवात कुठूनही करता आली असती. अंजीर कोपऱ्यात होता, लिंबू भिंतीआड. बाईंनी शिडी लावली ती खिडकीसमोरच्या पेरूला. आपण असं का करतोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

पहिली फांदी पडली तसा खोलीतून आवाज आला, घशात काहीतरी अडकल्यासारखा. बाईंनी शिडीवरून वळून पाहिलं. सर डाव्या हाताने गज धरून बसले होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बाई क्षणभर थांबल्या. आत जावं, डोळे पुसावेत, निदान पडदा ओढावा, असं मनात आलं. मग त्यांनी दुसऱ्या फांदीला करवत लावली.

संध्याकाळी नेहमीसारखं सरांना भरवलं, तोंड पुसलं. दोघांपैकी कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

तीन वर्षं हे चाललं. शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "अहो, सरांचा जीव तुटत असेल!" बाई "हो ना" म्हणायच्या आणि फांद्यांच्या कापलेल्या तोंडांना मलम लावायच्या. सरळ वर धावणाऱ्या काठ्या मुळातून काढल्या. राखलेल्या फांद्या दोरीनं हळूहळू आडव्या वाकवून खुंट्यांना बांधल्या, दोरी रुतू नये म्हणून खाली जुन्या साडीचे तुकडे घातले. गुडघे बोलू लागले. एकदा शिडी सरकून मनगट मुरगळलं, ते सासरी असलेल्या मुलीलाही सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी दोन्ही पेरू हाताशी लगडले. मोठे, पिवळे, एकही किडका नाही.

मुलगी रविवारी नवऱ्याला घेऊन आली आणि दारातच ओरडली, "बाबा, तुमची झाडं बघा तरी!" टोपली भरून तिनं बाबांच्या मांडीवर ठेवली, फोटो काढला, सगळ्या नातेवाइकांना पाठवला. शेजारीणही आली. "शेवटी हात कुणाचा लागलाय झाडांना!"

"माझा," बाई म्हणाल्या.

सगळे खळखळून हसले. जावई म्हणाला, "आई कधी नव्हे ते विनोद करायला लागल्या."

बाईंनी सरांकडे पाहिलं. रोजच्या व्यायामानं त्यांना आता तीन शब्द येत होते: पाणी, नको आणि 'ही'. 'ही' म्हणजे बायको. डावा हातही चांगला उचलत होता; बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. सरांनी एक पेरू उचलला, कॅमेऱ्याकडे पाहून अर्ध्या तोंडानं हसले आणि चावा घेतला.

पुढच्या मोसमात बाईंनी शिडी काढलीच नाही. पेरूंवर पुन्हा काठ्या चढल्या. बाईंचे हात शिवशिवत, कुठली ठेवायची नि कुठली काढायची ते त्यांना आता झोपेतही सांगता आलं असतं. एक दिवस चादर बदलताना सरांनी त्यांचा पदर धरला. खिडकीबाहेर बोट केलं आणि मोठ्या कष्टानं चौथा शब्द काढला.

"काप."

बाईंनी पदर सोडवून घेतला. उशी थापटून सारखी केली.

"झाडं तुमची आहेत. मला त्यांतलं काय कळतं?"

सर पुन्हा म्हणाले, "काप." मग, "ही. काप." बाई मळकी चादर घेऊन बाहेर गेल्या.

त्या वर्षी मोजून सहा पेरू आले, तेही शेंड्याला. मुलीनं फोनवर विचारलं, तेव्हा बाईंनी तसं सांगितलं. ती हळहळली.

"साहजिकच आहे गं आई. बाबांना आता लक्ष द्यायला होत नाही ना."

"हो," बाई म्हणाल्या. "जावयांचा खोकला कसा आहे?"