कडब्यासाठी करदोडा

नोटबंदीच्या त्या आठवड्यात घरात रोकड नव्हती आणि दोन गाई उपाशी होत्या. सोनईजवळच्या कडबेवाल्याला मी कमरेचा बारा तोळ्यांचा चांदीचा करदोडा दिला. दोनशे पेंढ्या ठरल्या.

"आत तांबं आसंल," म्हणत त्यानं कोयत्यानं करदोडा तोडला. आत चांदीच निघाली.

"आता ही मोड झाली, पाव्हणं. शंभरच मिळतील," तो हसला.

मी त्याच्या तराजूतलं किलोचं वजन त्याच्या कानावर हाणलं. त्यानं मला दगडावर आपटलं. माझे दोन दात पडले. मी पुन्हा हाणलं.

"घ्या दोनशे, पन हानू नका!"

कान दाबत त्यानंच टेम्पो भरला.

रक्त लागलेल्या सात पेंढ्यांना गाईंनी तोंड लावलं नाही. त्या मी धुऊन वाळत घातल्या.